नाकमिस्त्री आणि महागातलं पेट्रोल

गॅरेजात गाडी शिरली की मिस्त्री आधी बॉनेट उघडून आत नाक खुपसायचे. अवजारं नंतर. तेल जळतंय की वायर तापलीय, सगळं वासावरून सांगायचे आणि बहुतेक वेळा तेच निघायचं. म्हणून लोक त्यांना नाकमिस्त्री म्हणत. नाव त्यांना आवडायचं, उगाच कशाला खोटं बोला.

स्वतःची जुनी गाडी त्यांनी लेकीला दिली होती. ती रोज नातीला मागे बसवून शाळेत सोडायची, आणायची. गाडी देताना त्यांनी एकच अट घातली होती, "महागातलं पेट्रोल टाकायचं. साध्यात इथेनॉल मिसळतात. दारूच ती, जुन्या गाडीचं रबर खाते. महागातलं शुद्ध असतं." हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. महाग म्हणजे शुद्ध, असं आपलं धरून चालले होते.

जावई कारकून, स्वभावाने मऊ. तो एकदा चाचरत म्हणाला, "बाबा, महागातल्यातही इथेनॉल असतं म्हणे. पेट्रोलचा पाइप बदलून घेऊ या का?"

"जावईबापू, तुम्ही तुमचे शिक्के मारा. गाडीचं मी बघतो."

झालं, पाइप तसाच राहिला. पुढे गाडी चढावर बंद पडायला लागली. मिस्त्रींनी कार्ब्युरेटर उघडला तर तळाशी रबराचा काळा चुरा. आता खरं तर तेव्हाच डोळे उघडायला हवे होते. पण हट्टी माणूस. जावई गुपचूप साधं पेट्रोल टाकतोय, हेच त्यांच्या डोक्यात बसलं. कार्ब्युरेटर धुऊन त्यांनी गाडी परत दिली आणि लेकीला बजावलं, "नवऱ्यावर लक्ष ठेव."

एका दुपारी गिऱ्हाइकाची गाडी घेऊन ते पंपावर गेले. जावयाला तोंडावर पाडायला पुरावा हवा, म्हणून पेट्रोल भरणाऱ्या बाईला विचारलं, "या महागातल्यात इथेनॉल नसतंच ना?"

"असतं की. दोन्हींत सारखंच," ती म्हणाली. "यानं इंजिन ठकठक वाजत नाही, एवढंच. इथं लिहिलंय बघा."

लिहिलेलं होतं. म्हणजे तो काळा चुरा पेट्रोलच्या पाइपाचा होता, आणि लेक-नात रोज त्याच गाडीत. शाळा सुटायची वेळ झाली होती. लेकीला फोन लावला, ती उचलेना. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हे त्यांनीच तिला शिकवलेलं. ते तसेच शाळेकडे सुटले.

फाटकासमोर गाडी नुकतीच सुरू झाली होती. "बंद कर," ते उतरून धावत येत म्हणाले. "आधी पोरीला उतरव."

बॉनेट उघडलं. पेट्रोलचा पाइप ओला होता. नख लावलं तर मेणात रुतावं तसं रुतलं, आणि एक थेंब तापलेल्या इंजिनाच्या अगदी कडेला पडला.

"तुला वास आला नाही का गं?"

"येतोय ना बाबा, कधीचा येतोय. तुम्हाला दाखवलं होतं. तुम्ही नाक घालून म्हणालात, काही नाही."

खरं होतं. मिस्त्री पुन्हा वाकले, जोरात श्वास ओढला. काही नाही. जन्मभर पेट्रोलात बुडालेलं ते नाक पेट्रोललाच मेलं होतं, आणि त्यांना पत्ताही नव्हता. मागे नात दप्तर सांभाळत उभी होती, नाक चिमटीत धरून.

त्यांनी जावयाला फोन लावला. तुमचं बरोबर होतं, एवढं म्हणायचं होतं.

"येता का?" एवढंच तोंडातून निघालं.