पाइप वरून घ्यायचा असतो

हे माझ्या मुलीला ठाऊक नाही, बहिणीला नाही, आणि ज्याच्याशी केलं त्याला तर अजिबातच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही आणि उद्या माझ्या दारात चहाला येणार नाही. एक मात्र आधीच सांगून ठेवते – ऐकून झाल्यावर "जाऊ द्या हो, संसारात होतं असं" म्हणू नका. होत नाही. मी केलं.

माझं नागपुरात कूलरचं दुकान आहे. वडिलांचं होतं, आता मी चालवते. पंप, पंख्याची पाती, खसच्या ताट्या, टाक्या आणि पाइप – जाड, बारीक, काळे, पांढरे. पाइपाबद्दल मला कोणी शिकवायला नको. खालून ओढत नेला की तो कुठेतरी मुडपतो, कशात तरी अडकतो आणि ज्याला जोडलाय त्याला खेचतो. तोच वरून घेतला, एका जागी टांगला आणि थोडा ढिला सोडला, की तो आहे हेसुद्धा विसरायला होतं. हे मला समजलं तेव्हा मी दोन वेण्या घालून वडिलांच्या दुकानात बसायचे. तेवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

नवरा कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा लिलाव पुकारतो. सकाळी स्कूटरवर निघायचा, उजवा हात वर करून ढिगामागून ढीग विकायचा. आवाज असा, की पलीकडच्या शेडमधला माणूस वळून बघेल. लग्नानंतर मला कळलं की तो आवाज रात्रीही बंद होत नाही. घोरणं म्हणावं, तर ते नुसतं घोरणं नव्हतं. करवत चालावी तसं चालायचं आणि मध्येच थांबायचं. श्वासच थांबायचा. मी पडल्या पडल्या वाट बघायची – आता येईल, आता येईल. मग एक हिसका, आणि करवत पुन्हा सुरू.

मी सांगितलं नाही का? हजारदा सांगितलं. डॉक्टरकडे चला म्हटलं. तर चारचौघांत म्हणायचा, "मी घोरतच नाही. तुह्याच डोक्यात पंखा फिरून राह्यला!" कूलरवाल्याच्या पोरीला पंख्याचा टोमणा. लोक काय हसायचे!

मेच्या महिन्यात मी उशी घेऊन स्वयंपाकघरात जायची. अर्ध्या मोहल्ल्याला गार हवा विकणारी बाई फरशीवर, पोटावर ओला टॉवेल टाकून. आणि हा माझ्याच भावाच्या घरी, भर पंगतीत सांगायचा, "बाई रुसते न् स्वयंपाकघरात झोपते. कूलरची थंडी वाजते म्हणे तिले!" भाऊ हसला. वहिनी हसली. मीही हसले. आपण का हसतो हो अशा वेळी?

बघा – कारणं मांडायला लागले मी. तुमच्या मनात माझ्यासाठी थोडी जागा करून ठेवतेय, म्हणजे पुढचं सांगितलं की तुम्ही लगेच दार लावणार नाही. नको. दार लावायचं तर लावा.

मग एका दिवाळीत मुलगी आली, पल्लवी. तिनं बापाचं घोरणं मोबाइलवर टिपलं आणि सकाळी पोहे खाताना त्याला ऐकवलं. घोरणं, मग शांतता, मग तो हिसका. त्याच्या हातातला घास तसाच राहिला. "बाप्पा! हे मी हाये?"

एका मिनिटात पटलं त्याला. मी उभा जन्म सांगत होते ते पटलं नाही, आणि हातभर नसलेल्या मोबाइलनं सांगितलं ते पटलं. त्याच आठवड्यात रामदासपेठेत डॉक्टर झाले, झोपेची तपासणी झाली, मशीन घरी आली. सीपॅप म्हणतात तिला. नाकावर मास्क बांधायचा, त्याला पाइप, पाइपाच्या दुसऱ्या टोकाला मशीन. ती रात्रभर हवा ढकलते, म्हणजे झोपेत श्वास अडत नाही. घोरणंही बंद. मला आनंद व्हायला हवा होता, नाही का?

मला राग आला. दुःख नाही, मान-अपमान नाही – साधा, सरळ राग. इतका सोपा होता तर हा माणूस पटवायला? फक्त मी सांगून चालणार नव्हतं, एवढंच?

मशीन पलंगाच्या बाजूला स्टुलावर ठेवली होती. पाइप खालून यायचा, पलंगाच्या काठावरून, त्याच्या छातीवरून नाकापर्यंत. तो कुशीवर वळला की पाइप अंगाखाली दबायचा, मास्क सरकायचा आणि फटीतून सगळी हवा डोळ्यात. कधी पाइप कोपराला गुंडाळला जायचा. एकदा तर मशीनच स्टुलावरून खाली आली. सकाळी त्याचे डोळे लाल आणि नाकावर वळ. काही दिवस त्यानं काढले. मग एका संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला – नीट म्हणाला, टोमणा नाही, काही नाही – "तुले त् पाइपाचं समजते न वं. याले काही करून दे न."

सगळ्या लग्नात त्यानं माझ्या धंद्यातलं काही मला पहिल्यांदाच विचारलं होतं.

पलंगाच्या डोक्याशी, भिंतीवर खिळा होता. त्यावर कॅलेंडर. कॅलेंडर उतरवायचं, खिळ्याला नाडा बांधायचा, नाड्याच्या फासातून पाइप वरून घ्यायचा, हातभर ढिला सोडायचा. मग कुशीवर वळा, नाहीतर पालथे व्हा, पाइप डोक्यावरून आपला मागेमागे येतो. चहाला उकळी यायच्या आत झालं असतं. तो बोलत होता तेव्हा मी त्या खिळ्याकडेच बघत होते.

आणि म्हटलं, "हे डॉक्टरची मशीन हाये, कूलर नोहे. पाइपाले हात लावला त् गॅरंटी जाते. सगळ्याइचाच ओढते तो. सवय होईन."

मी केलं ते हेच. एवढंच. तुम्हाला वाटलं असेल मी रात्री पाइप दाबला, नाहीतर प्लग काढला. नाही. हातसुद्धा लावला नाही मी. "एवढंच?" – म्हणालात ना मनातल्या मनात? मीही बरेच दिवस तसंच म्हणत होते.

पुढे कूलरचा हंगाम सुरू झाला. एक दिवस सक्करदऱ्याची एक बाई दुकानात पाइप बांधायच्या पट्ट्या घ्यायला आली. कूलरला का, विचारलं, तर म्हणाली, नाही, सासऱ्यांची झोपेची मशीन आहे, पाइप ओढतो, म्हातारा रात्रभर कण्हतो. मी एका दमात सांगितलं – पट्टी नको, पट्टीनं पाइप आवळतो. डोक्याच्या वर खिळा ठोका, नाड्यातून वरून घ्या, ढिला सोडा. मशीन उशीपेक्षा खालच्या पातळीला ठेवा, म्हणजे पाइपात पाणी जमलं तरी नाकाकडे येणार नाही. पाइपाला जुन्या सुती साडीची खोळ शिवा, गालाला गार लागत नाही. बाईला मी पट्ट्याही विकल्या नाहीत. ती म्हणाली, "किती चांगल्या हो तुम्ही." त्याच दिवशी घरी नवरा मास्क लावताना पुन्हा पाइपाला शिव्या घालत होता. मी पोळ्या लाटत होते. लाटत राहिले.

म्हणजे विसरले नव्हते, सुचलं नव्हतं, वेळ नव्हता – यातलं काही नव्हतं. परक्या म्हाताऱ्यासाठी मला सगळं सुचत होतं.

मला काय हवं होतं ते सांगू? त्यानं रात्रभर तळमळावं, सकाळी ते कोणाला तरी सांगावं, आणि ऐकणाऱ्यानं हसावं. माझं झालं तसं, अगदी तसंच. आणि ते झालंसुद्धा! फेरतपासणीला डॉक्टरनं विचारलं, वापरता का? हा म्हणाला, "पाइप ओढते जी." डॉक्टर हसले आणि माझ्याकडे वळले, ताई, तुम्ही लक्ष देता ना? मी म्हटलं, रोज सांगते, ऐकतच नाहीत. माझ्या भावाकडे पुन्हा पंगत बसली, तेव्हा भाऊच म्हणाला, "काय जावईबापू, पाइपाले भेता?" सगळे हसले. नवरा ताटाकडे बघत राहिला. मी त्याच्या पानात वाढत होते. वरणावर तूप जरा जास्तच घातलं, आठवतं मला. इतकी खुशीत होते.

तेव्हा तरी सांगायचं. भागली होती ना माझी भूक? नव्हती भागली. गोड लागत होतं.

शेवटी त्यानं मशीन खोक्यात घालून कपाटावर टाकली. करवत सुरू झाली, मी स्वयंपाकघरात परत गेले. पल्लवी फोनवर बापाला रागवायची – बाबा, एवढी मशीन आणली, तुम्ही साधी घालत नाही? मी बाजूला उभी राहून मान डोलवायची. बाजारात तो ढिगाशेजारी बसल्या बसल्या पेंगायला लागला. ढिगाचा भाव ओरडता ओरडता मध्येच थांबायचा आणि समोरचे व्यापारी टाळ्या वाजवून त्याला उठवायचे. हे त्यानंच मला सांगितलं, हसत. मी ऐकून घेतलं.

आणि एका सकाळी त्याच्याबरोबर काम करणाऱ्या, त्याला भाऊ म्हणणाऱ्या गजाननचा फोन आला. "वहिनी, घाबरू नका. भाऊले गाडीवर झोप लागली."

कळमन्याच्या अलीकडे स्कूटर दुभाजकावर चढली. खांदा मोडला, बरगड्या गेल्या. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. असतं तर? शाळेची रिक्षा असती तर? गजानन पुढे काय बोलत होता ते मी ऐकत नव्हते. माझ्या डोळ्यापुढे खिळा होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी मशीन घेऊन या म्हटलं. मी कपाटावरून खोकं काढलं, धूळ पुसली, नेऊन दिलं. नाकावर मास्क चढवला आणि पाइप पलंगावरून खाली सोडला – तसाच, खालून. उजवा खांदा बांधलेला, आता तर पाइप सावरायलाही त्याला हात नव्हता. तो नुसता माझ्याकडे बघत होता.

फरशी पुसायला मावशी आली. पाइप तिच्या पोछ्यात अडकला. "हे शेपूट वरतं ठेवत जा न बाई!" म्हणून तिनं तो उचलला, सलाइनच्या स्टँडवरून पलीकडे टाकला आणि पुढच्या पलंगाकडे गेली.

झालं. नवऱ्यानं मान इकडे केली, तिकडे केली. मास्क हलला नाही. थोड्या वेळात तो झोपला.

आता जे सांगते ते मी स्वतःलाही शब्दांत सांगितलं नव्हतं. तो झोपल्यावर मी उठले. माझा हात त्या स्टँडकडे गेला. पाइपाला बोटं लागली. मी तो खाली काढणार होते. माणूस मोडून पडला होता माझ्यासमोर, आणि मला वाटत होतं – एवढ्या सहज? कोणाचा तरी पोछा अडकला म्हणून? नर्स आत आली. मी पाइप सारखा केल्यासारखं केलं आणि बसले. नर्स आली नसती तर काय झालं असतं, मला माहीत नाही म्हणावंसं वाटतं. माहीत आहे.

सकाळी त्याला जाग आली तेव्हा चेहरा धुतल्यासारखा होता. मला म्हणाला, "अवं, वरून टांगला त् ओढतच नाही पाह्य! एवढीशी गोष्ट." मग म्हणाला, "तुले माहीत असतं त् तू कवाच करून देली असती."

मी म्हटलं, "मले कायचं माहीत? कूलरचा पाइप वेगळा असते."

घरी आल्यावर कॅलेंडर उतरवलं, नाडा बांधला, सुती साडीची खोळ शिवली. आता तो शांत झोपतो, मीही पलंगावर झोपते. श्वास आला-गेला कळतही नाही. स्कूटर विकली. शेअर ऑटोनं बाजारात जातो. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून लिलावात डावा उचलतो. जुने व्यापारी अजून चुकून उजवीकडेच बघतात.

गेल्या महिन्यात भावाकडे जेवायला गेलो, तर भर पंगतीत म्हणाला, "पाइपाच्या कामात हिचा हात कोणी धरू शकत नाही! मस्त करून देलं मले." भाऊ म्हणाला, व्वा ताई. मी हसले.

रोज झोपताना पाइप मीच वरून घेते, हातभर ढिला सोडते. मास्क बांधण्याआधी तो उताणा पडून त्या खिळ्याकडे बघतो. खिळा जुना आहे, गंजलेला. आणि रोज नाही, पण अधूनमधून विचारतो, "हा इथंच होता न वं, आधीपासून?"

मी म्हणते, हो. इथंच होता.