बिनवाऱ्याची खोली

मागच्या महिन्यात जळगावच्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसून मी अंदमानातली एक जागा पसंत केली... आणि चांगलीच तोंडावर आपटले.

धुळ्याला कॉलेजात असताना मी, तेजल आणि मानसी चार वर्षं एकाच खोलीत राहिलो. आता तेजलचं लग्न ठरलंय, दोंडाईच्याहून ती थेट सुरतला जाणार. त्याआधी तिघींनी एकदा पुन्हा एका खोलीत राहायचं, एवढ्यासाठीच ही ट्रिप होती. निदान माझ्यासाठी तरी.

म्हणून राहायची जागा मी शोधणार, असं मीच ग्रुपवर जाहीर केलं. हौस दांडगी! आठवडाभर ऑफिसमधून आलं की फोन घेऊन बसायचे... समुद्रासमोरचे रिसॉर्ट, टेकडीवरची कॉटेजं, तंबू, होमस्टे. अट एकच, तीन पलंग एका खोलीत हवेत.

शेवटी दोन जागा उरल्या. आता मी पडले मुक्ताईनगरकडच्या केळीवाल्यांची पोर. लोक फोटोत बाथरूम बघतात, मी मागे उभ्या असलेल्या केळी बघितल्या. रिसॉर्टमधल्या केळींच्या पानांच्या पार चिंध्या झालेल्या. होमस्टेच्या मागे मात्र एकूणएक पान अखंड.

आमच्याकडे वारा म्हणजे वैरी. घड भरलेली बाग एका वादळात आडवी होते, म्हणून बांधावर शेवरी लावून वारा अडवतात. पान फाटलेलं नाही म्हणजे जागा चांगली, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. मी बेधडक होमस्टे बुक केला.

तिथे पोचलो आणि डोक्यात प्रकाश पडला. पान फाटत नाही, कारण तिथे वाराच येत नाही! दाट झाडीत खोली, समुद्र पंधरा मिनिटं लांब आणि पंखा नुसती गरम हवा फिरवतोय. समुद्रावर जाऊन बिनवाऱ्याची खोली घेणारी जगात मी एकटीच असेन.

पहिल्या दिवशी तिघी यावर खूप हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तेजलने किनाऱ्यावरची एक खोली शोधून ठेवलेली होती... दोघींपुरतीच. "तू राहशील ना गं इथे? तुला केळीत करमतं," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो हो, जा की!" आणि मानसीने बॅग भरलीसुद्धा.

संध्याकाळी भेटू म्हणाल्या होत्या. तिकडे साडेपाचलाच अंधार पडतो, म्हणून मग 'उद्या भेटू' असा मेसेज आला. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला भेटलं ते फक्त त्यांचं स्टेटस. दोघी पाण्यात उभ्या, केस उडतायत...

आणि मी तीन पलंगांच्या खोलीत. थोडा वेळ या पलंगावर, थोडा वेळ त्या. जळगावला दोन वर्षं एकटी राहतेय, पण इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं. होमस्टेच्या बंगाली मावशी दोनदा जेवायला हाक मारून गेल्या, शेवटी खोलीतच ताट झाकून ठेवून गेल्या. मी हातही लावला नाही.

तीनच्या सुमारास भाऊंचा व्हिडिओ कॉल आला. वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. "तठी वारं कसं हाये?" हा त्यांचा कुठल्याही गावाबद्दलचा पहिला प्रश्न. मग म्हणाले, "मैत्रिणी कुठी गेल्या?" मी म्हटलं, आंघोळीला गेल्यात.

भाऊंनी "दोघी?" एवढंच विचारलं... आणि मला रडूच फुटलं. कालपासून एकटी आहे, सांगून टाकलं.

त्यांनी मैत्रिणींबद्दल एक अक्षर काढलं नाही. "जेवली का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मी बी जेवाचा हाये अजून. घे ताट." लगेच आईला हाक मारून स्वतःचं ताट वाढायला सांगितलं आणि फोन तांब्याला टेकवून ठेवला.

निम्मा वेळ मला त्यांचा कानच दिसत होता. इकडे डाळ-भात आणि भोपळ्याची भाजी, तिकडे भाकरी आणि शेवभाजी. बोलणं असं काही झालं नाही... "डाळ घे अजून", "भाजी तिखट हाये का?" एवढंच. पण ताट मी स्वच्छ केलं.

मैत्रिणींवर राग नाही, असं लिहिणार होते. पण आहे थोडा. तेजलच्या लग्नात जाईन, नाचेनही, तोवर कमी झाला तर बरं.

मागच्या रविवारी घरी गेले. भाकरी थापता थापता आई म्हणाली, "तुह्या भाऊनं त्या दिवशी बारालेच पोटभर जेवन केलं व्हतं. तुह्यासंग पुन्हा दोन भाकरी खाल्ल्या, अन सांजच्याले ओवा चावत बसले!"

भाऊ बाहेर खाटेवर बसून सगळं ऐकत होते. "भाजी बरी झाल्ती," एवढंच बोलले.

ते फेसबुकवर नाहीत. हे त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायला जमतंय... तोंडावर तर मला कधी म्हणता येणार नाही. भाऊ, त्या दिवशी मी एकटी नव्हते.