सुमनचा डबा

समजा, तुम्हाला एक काम दिलंय. गोल मांडलेल्या खुर्च्यांतल्या एका खुर्चीवर बसायचं, घरून आणलेला डबा उघडायचा, आणि शेजारच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, "घ्या नं." एवढंच. करून बघा मनातल्या मनात. सोपं वाटतं?

रामाकोन्याच्या सुमन सोमकुंवरला या कामाच्या धास्तीनं रात्रभर झोप लागली नाही.

सुमन सौसरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन लागला की आवाज खणखणीत. माणूस समोर आला की जीभ टाळूला चिकटायची. डबा ती बॅटऱ्यांच्या खोलीत, दाराकडे पाठ करून खायची. आता ऑटोमॅटिक मशीन येणार होतं आणि ऑपरेटरांना बिलाच्या काउंटरवर बसवणार होते. दिवसभर माणसांसमोर! नाही जमलं तर नोकरी सोडा.

म्हणून ती नागपूरहून येणाऱ्या डॉक्टर अनुराधाबाईंच्या गटात गेली. दर शनिवारी, दवाखान्यामागच्या खोलीत. सगळे तिच्यासारखेच, लोकांना टाळणारे. संत्र्याच्या बागेचा मालक असून व्यापाऱ्याला बघून झाडामागं लपणारा वामन. वर्गात बोलणारी, पण स्टाफरूममध्ये पाय न ठेवणारी नलिनी मास्तरीण. डॉक्टरबाई म्हणायच्या, "लोक आपल्याला झिडकारतील, ही भीती तुमच्या मनानं रचलेली आहे. इथं ती तपासून बघायची."

पहिले काही शनिवार बरे गेले. एका किटलीतला चहा सगळे प्यायले. सुमन एकदा हसलीसुद्धा. मग वामननं धीर करून तिला पहिल्यांदा काही विचारलं.

"आडनाव काय म्हनलं तुमचं?"

तिनं सांगितलं. रामाकोन्याची बौद्ध वस्ती, हेही सांगितलं. मोकळं बोलायचं शिकून राहिली होती नं ती. डॉक्टरबाईंनी दोघांना शाबासकी दिली.

पुढच्या शनिवारी डब्यांची पाळी होती. सुमननं पहाटे उठून सांबारवडी केली. सांबार म्हणजे कोथिंबीर निवडली, खोबरं-खसखस भाजली, वड्या खुसखुशीत तळल्या. नलिनीचा चिवडा फिरला, संपला. वामनची संत्री संपली. मग सुमननं डबा पुढं केला. वामनच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "घ्या नं."

"दाढ दुखून राहिली," वामन म्हणाला. त्यानं डबा पुढं सरकवला, कडेला दोन बोटं लावून.

"मले तेलकट चालत नाही बाप्पा," पलीकडच्या केसरबाई म्हणाल्या.

"माहा शनिवार हाय. जामसावळीच्या मारोतीचा उपास," नलिनी म्हणाली. तिच्या पदराला चिवड्यातला शेंगदाणा चिकटला होता.

डबा गोल फिरून सुमनच्या मांडीवर आला. जसाच्या तसा.

"काय वाटतंय, सुमन?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"यायनं माह्या हातचं खाल्लं नाही."

"हा अर्थ तू काढलास. प्रत्येकानं कारण सांगितलं. ते खरं का धरत नाहीस?"

"तुमी घेता, बाई?"

"मी गटात खात नाही. नियम आहे."

चहा मात्र बाई गटातच प्यायच्या.

नलिनी एकदम तिच्याकडं वळली. सरळ डोळ्यांत बघून म्हणाली, "तू ना बाई, फार मनाले लावून घेते. आमी काय तुले हाकलून राहिलो का?"

"शाब्बास नलिनी!" डॉक्टरबाईंचा चेहरा फुलला. "किती स्पष्ट बोललीस आज!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुमननंही वाजवल्या, डबा मांडीवर सांभाळत. निघताना डॉक्टरबाई तिला म्हणाल्या, "हाच तुझा आजार. भास होतो तुला."

पुढच्या शनिवारी सुमन गेली नाही. मशीन आलं, तिला काउंटरची ऑर्डर मिळाली, तेव्हा तिनं राजीनामा दिला. आता रामाकोन्यात घरी ब्लाउज शिवते. बाया कापड उंबऱ्यावर ठेवून जातात. नलिनी बरी झाली म्हणतात, स्टाफरूममध्ये बसते. सुमनला त्याचा राग नाही. फक्त डॉक्टरबाई कधी भेटल्याच, तर तिला एक विचारायचंय: मले भास झाला म्हनता, तर मंग वड्या तेवढ्याच्या तेवढ्या कशा उरल्या?