पन्हळीतली पाने

माजघराच्या भिंतीवर ओलीचा डाग पुन्हा दिसू लागला आहे. हे परगावी नोकरीला असतात, म्हणून दरवर्षी गणपतीआधी दीर त्या डागावर चुना फासतात. भिंत पांढरी दिसते, सगळ्यांचे समाधान होते. त्याच भिंतीला लागून माझी सुली झोपते. तिचा खोकला चुन्याने थांबत नाही.

आज पाऊस उघडला तशी मी पदर खोचला, शिडी लावली आणि वर चढले. पन्हळ फणसाच्या पानांनी गच्च भरली होती. पाणी तुंबून भिंतीत उतरत होते. त्या चिखलात गवतही उगवले होते, इतके कोवळे की उपटताना वाईट वाटले. तरी उपटले.

खालून दीर ओरडले, "वहिनी, उतरा! बाईमाणूस कधी कौलांवर चढते का? लोक काय म्हणतील?"

चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. आत कितीही ओल असो, वरून पांढरे दिसायचे, हेच मी लहानपणापासून शिकले. पण वर वारा होता आणि हात चिखलाने भरलेले होते.

"लोकांना म्हणावं, सुलीच्या जागेवर झोपून बघा," मी म्हटले. "आणि भावजी, बाजूला व्हा, घाण अंगावर पडेल."

ते बाजूला झाले. तेवढ्यात मला दोन फुटकी कौले दिसली.

"पडवीत नवी कौलं आहेत, त्यातली दोन द्या."

त्यांनी रस्त्याकडे पाहिले, कुणी नव्हते. मग कौले आणली आणि शिडीच्या दोन पायऱ्या चढून माझ्या हातात दिली.