नसलेल्या हाताची मूठ

देवाप्पाअण्णा आमच्या संस्थेत उंदीर सांभाळतात. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या आणि प्रयोगाच्या दिवशी ठरलेला उंदीर वरच्या मजल्यावर आणून द्यायचा, हे त्यांचं काम. देताना ते उंदराच्या पाठीवरून एकदा बोट फिरवतात आणि लगेच जिन्याकडे वळतात. प्रयोगाच्या खोलीत थांबत नाहीत.

ते निपाणीकडचे. घरात मराठी, बाहेर कन्नड. मी नागपूरहून इथे, या कानडी शहरात, यंत्रांची जोडणी बघायला आलो, तेव्हा माझं मराठी ऐकून त्यांनी मला 'तम्मा' करून टाकलं, म्हणजे धाकटा भाऊ. मग रविवारी सर्जापूर रोडवरच्या माझ्या खोलीतून निघून चामराजपेटेत त्यांच्याकडे जेवायला जाणं सुरू झालं.

त्यांच्या बायकोला, महानंदाअक्कांना, उजवा हात नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये त्या कागद कापायच्या मशीनवर होत्या. मशीनमध्ये हात असा चिरडला की डॉक्टरांना तो कोपराच्या खालून काढावा लागला. जखम कधीच भरली. तरी हात दुखतो. जो नाही, तोच दुखतो. त्याची मूठ आवळलेली आहे आणि नखं तळव्यात रुतलीत, असं अक्का सांगतात, आणि सांगताना त्यांच्या कपाळावर घाम येतो.

या दुखण्याचं कारण त्यांनी स्वतःच शोधलं होतं. त्यांच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, माती देतात. काढलेला हातही अण्णांनी विभूती लावून रुद्रभूमीत, म्हणजे त्यांच्या दफनभूमीत, आपल्या आईच्या समाधीशेजारी पुरला होता.

"पुरताना ह्यांनी मूठ उघडली नसणार," त्या एका रविवारी मला वाढता वाढता म्हणाल्या. "घाई फार ह्यांना. भाजीला धाडलं तर कोथिंबीर विसरून येतात."

"कोथिंबीर आणि हात एकच व्हय गं?" अण्णा म्हणाले.

"मग पुढच्या सोमवारी चला. खणू या, बोटं सरळ करू या आणि परत झाकू या. बोटं उघडली की कळ जाईल."

अण्णांनी ताटातच बघत 'सरी', म्हणजे बरं, म्हटलं.

मला मेट्रोपर्यंत सोडायला आले तेव्हा मार्केटच्या गर्दीत ते एकाएकी थांबले. "तम्मा, तिथं काय न्हाई."

"कुठे?"

"मातीत. दवाखान्यात विचारलं, नेता की आम्हीच विल्हेवाट लावू? पिशवी पुढं धरली होती. मला हात लावायचा धीर झाला न्हाई. तुम्हीच बघा म्हटलं, आणि घरी सांगितलं, पुरला."

मी म्हटलं, सोमवारी काय करायचं ते नंतर बघू, आधी दिव्यश्री मॅडमना विचारू. त्या आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, आणि प्रयोगशाळेचा विषयच हा आहे. कान गेलेल्या माणसाला कुठलाच आवाज नसताना घुमणारा आवाज ऐकू येतो, आणि हात गेलेल्याला त्याच हातात कळ येते. या दोन्हींच्या मुळाशी एकच बिघाड असावा, असं मॅडमना वाटतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी अण्णा पहिल्यांदा प्रयोगाच्या खोलीत येऊन थांबले. उंदराच्या मणक्याजवळून काढलेला मज्जापेशींचा पुंजका एका वाटीत होता. वाटीतून मीठपाणी वाहत होतं, बारीक नळीतून प्राणवायू येत होता. एका पेशीला केसाहून बारीक काचेची सुई लावली होती. पेशीनं संदेश पाठवला की विजेचा हलका ठोका येतो. डोळे सूक्ष्मदर्शकावर असतात, म्हणून तो ठोका कानांना कळावा असा एक स्पीकर मी जोडून दिला होता.

टक. टक टक. टक.

"कोण टोचतंय तिला?" अण्णांनी विचारलं.

"कुणीच नाही," मॅडम त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलत होत्या. "या उंदराची नस आधी दुखावली होती. नस तुटली की पेशी आपणहून ओरडायला लागते."

"आणि उंदीर?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "तो सकाळीच गेला, अण्णा."

हे अण्णांना ठाऊक होतंच. सकाळी तेच त्याला घेऊन आले होते. ते वाटीकडे बघत राहिले. टक टक. मग जिन्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. संध्याकाळी फोन केला तर अक्कांचा हात जिथे काढला त्या दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी होते. असल्या पिशव्या कुठे नेतात, हे तिथल्या माणसांना विचारत होते.

"अण्णा, आता तिथे काय मिळणार?"

"तू ऐकलंस न्हाई? उंदीर मेला, तुकडा येगळा केला, तरी तो बोंबलतोय. मग तिचा हातबी कुठंतरी तसाच पडून बोंबलत असंल की. मी टाकून आलो त्याला."

तो स्पीकर मी माझ्या हातांनी जोडला होता. अण्णांनी ऐकलं ते खरंच होतं, फक्त अर्थ उलटा लावला होता, आणि त्या अर्थापायी ते या शहरातल्या कचऱ्यात एक हात शोधत होते.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दुसऱ्या दिवशीची प्रयोगांची वही बघितली. मग म्हणाल्या, "उद्या काम संपताना त्यांना बोलव."

अण्णा आले. मॅडमनी प्राणवायू बंद केला, पाणी थांबवलं. स्पीकर आधीसारखाच वाजत राहिला. मग ठोके विरळ झाले. वाटलं, संपलं. तेवढ्यात पत्र्यावर मोहरी ओतावी तसा आवाज उसळला. अण्णांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. आवाज तुटला आणि नुसती स्पीकरची घरघर राहिली.

"मेली?"

"मेली," मॅडम म्हणाल्या. "हे पाणी, ही हवा होती म्हणून ती बोलत होती. तुमच्या बायकोच्या हाताला यातलं काहीच नव्हतं. तो त्याच दिवशी शांत झाला. कळ त्याची नाही. इकडे अंगात राहिलेली नसांची टोकं आहेत ना, त्यांची आहे."

अण्णा बराच वेळ त्या घरघरीकडे कान देऊन होते. मग म्हणाले, "तर मग तिला सांगायला पायजे. तू ये तम्मा. मला नीट सांगता येणार न्हाई."

सोमवारी अक्का नेसून तयार होत्या. खुरपं आणि विभूतीची डबी पिशवीत होती. अण्णांनी उंबऱ्यातच सगळं सांगितलं, पिशवी, दवाखाना, खोटं. नसांचं मी सांगितलं. अक्का खाली बसल्या.

"म्हणजे तिथं नुसती माती."

"व्हय."

"दर अमावास्येला मी फुलं ठेवत होते. तुम्ही शेजारी उभं राहून बघत होता."

अक्का माझ्याकडे वळल्या. "तुमच्या मॅडमकडं औषध आहे का? त्या टोकांना गप्प करायचं?"

"अजून नाही, अक्का. शोधतायत."

"खोटं होतं तेच बरं होतं," त्या म्हणाल्या. "उघडायला एक जागा तरी होती."

मग कळ आली. त्यांचा चेहरा बदलला, खांदा वर चढला. दात आवळून त्यांनी ते गुळगुळीत टोक अण्णांच्या पुढे केलं. "धरा."

अण्णांनी टोक धरलं.

"ते न्हाई. हात धरा."

अण्णांनी टोक सोडलं आणि त्याखालच्या हवेत ओंजळ धरली. "स्वल्प खाली," अक्का म्हणाल्या. ओंजळ खाली सरकली. "आता उघडा."

पिंजऱ्यातलं पिल्लू सोडवावं तसं अण्णा एकेक बोट हवेतून अलगद उचलू लागले. करंगळी, मग तिच्या शेजारचं. अक्कांनी डोळे मिटले होते आणि त्यांचा खांदा हळूहळू खाली येत होता. मी त्या दोघांच्या फार जवळ बसलो होतो. तिथे काही नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी माझा गुडघा तिथे लागू नये म्हणून मी मागे सरकलो.

"थांबू नका," डोळे न उघडता अक्का म्हणाल्या. "अंगठा राहिलाय."