कामावर असलेला कॉम्प्युटर

घरात लॅपटॉप आला, पण जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचं माझ्या जिवावर आलं. तो इतका संथ, की सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. मग मी त्यावर एक प्रोग्राम टाकला. औषधं शोधणाऱ्या शास्त्रज्ञांच्या अवाढव्य गणिताचे लहान लहान तुकडे इंटरनेटवरून जगभरच्या घरांत जातात. त्यातला एखादा तुकडा मुकुंदवाडीतल्या आमच्या पुढच्या खोलीत दिवसभर सुटत राहायचा.

हे सासूबाईंना सांगायचं राहूनच गेलं. धूळ बसू नये म्हणून त्यांनी चालू कॉम्प्युटरवर स्वतः शिवलेलं जाड कापडी कव्हर घातलं आणि तो तापून बंद पडला. मी चिडलेच. "अहो आई, तो काम करत होता!"

"कुणाचं?"

"कुठल्या तरी आजारी माणसांचं."

मी तो पुन्हा सुरू केला, तशी त्यांनी कव्हराची घडी घालून ठेवली.

दुसऱ्या दिवशी शेंद्र्याच्या कंपनीतली पहिली पाळी संपवून मी भर उन्हात घरी आले. कूलरचं तोंड कॉम्प्युटरकडं होतं आणि सासूबाई घामाघूम होऊन डाळ निवडत बसल्या होत्या.

"आई, कूलर तुमच्याकडं फिरवू?"

"ऱ्हाऊ दे. ते कामावर हाय," डाळीतला खडा बाजूला टाकत त्या म्हणाल्या. "मी काय, रिकामीच हाय."