बोट उचललं की आकडा जायचा

पॉलिटेक्निकात मी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, आणि बफर-लॅचमध्ये गोंधळ घालणाऱ्यांना माझ्याकडे माफी नाही. दरवर्षी घसा फोडून सांगते. बफर म्हणजे येईल ते तसंच पुढं देणारा. देताना जोर तेवढा वाढवतो, म्हणजे पुढचे दिवे नीट पेटतात. स्वतःजवळ काही ठेवत नाही. येणारं थांबलं की जाणारंही थांबलं. लॅचला एक दार असतं. दार उघडं तोवर तोही आलेलं पुढं देतो, पण दार लागलं की शेवटचं जे आत आलं ते धरून बसतो. मग मागं काय वाट्टेल ते होवो. यंदा एका मुलीनं नेमकं उलटं लिहिलं. मी तिचे सगळे गुण कापले आणि वर चारचौघांत सुनावलंही.

त्याच महिन्यात मी जे केलं ते आता सांगते.

माझे वडील, आप्पा, कमी ऐकतात. ऐकायचं यंत्र घेऊन दिलंय. कानात कुणी पत्रा खडखडवतंय म्हणून ते कपाटात ठेवतात. आमचे डॉक्टर राजवाड्यामागच्या आमच्याच गल्लीतले, फार म्हातारे. सकाळी नऊच टोकनं देतात, दहावा आला तर उद्या ये म्हणतात. सिस्टर आतून नंबर पुकारते. आप्पांना ऐकू जात नाही, मग शेजारचा त्यांचा खांदा हलवतो आणि बाकावरचे हसतात. कचेरीत आयुष्यभर आप्पाच लोकांना हाका मारून आत बोलवायचे. एके सकाळी ते नेसलेली वेष्टी झटकून उठले, घरी आले आणि पुन्हा गेले नाहीत. शुगरच्या गोळ्या मनानंच घेत राहिले. तीन महिन्यांनी पायावर सूज दिसली आणि मी घाबरले.

"नंबर डोळ्यांना दिसला तर येतो," आप्पा म्हणाले. "कुणी हलवून उठवणार असेल तर नको."

एवढंच ना, म्हटलं. हा तर माझ्या हातचा मळ. डॉक्टरांना विचारलं, ते खूश झाले. वीतभर उंचीचा लाल दिव्यांचा आकडा आणला. दिवे मोठे, त्यांना जोर हवा, म्हणून मध्ये बफर घातला. लॅबमधल्या टेबलावर खटके वरखाली करून एक ते नऊ सगळे आकडे पाहिले. झकास. सिस्टरच्या टेबलासाठी नऊ बटणांची पेटी जोडली, दवाखान्याच्या भिंतीवर आकडा टांगला आणि आप्पांना घेऊन ऐटीत जाऊन बसले. आमचा नंबर चार.

सिस्टर ओरत्तनाडूहून बसनं येते, चटपटीत आहे. तिनं एक दाबला. एक आला. तिनं बोट उचललं, एक गेला. पुन्हा दाबला, आला, उचललं, गेला. "मॅडम," ती म्हणाली, "मी बोट ठेवूनच बसू का? इंजेक्शन कोण देणार?"

बाकावर हशा. दोन नि तीन नंबर असेच उरकले. तिनं बिचारीनं चार बराच वेळ दाबून धरला, पण आप्पा तेव्हा चष्मा पुसत होते. त्यांनी तो डोळ्यांवर चढवेपर्यंत भिंत रिकामी. सगळे आमच्याकडं बघायला लागले, आणि मी काय करावं? मी आप्पांचा खांदा हलवला.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. उठले, चपला घातल्या आणि सरळ घरी गेले. मला इतकं वाईट वाटलं की दुपारी पानावरून तशीच उठले.

चूक कळायला पाच मिनिटं पुरली. लॅबमधला खटका वर केला की वरच राहतो. म्हणजे लक्षात ठेवायचं काम खटका करत होता आणि शाबासकी मी बफरला देत होते. बटण मात्र सोडलं की उसळून वर येतं. बफर बिचारा इमानदार. आत काही नाही, तर बाहेर कुठून देणार? वीस वर्षं लॅबच्या खटक्यांवर शिकवणारीलाच असली चूक जमते. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला बोलावलं, सगळी हकीकत सांगितली आणि चारचौघांतच तिची माफी मागितली. ती हसली नाही, पण बाहेर जाऊन हसली असणार.

मग बफरच्या आधी लॅच बसवला आणि एक हिरवं बटण वाढवलं. आकडा दाबून धरायचा, हिरवं दाबलं की लॅचचं दार उघडतं, सोडलं की लागतं. मग आकड्यावरचं बोट खुशाल उचला. लॅच धरून ठेवणार, बफर दिव्यांना जोर देणार.

आप्पा दवाखान्याचं नाव काढू देईनात. मी दवाखान्यातला आकडा आणून सकाळी घरीच झोपाळ्यासमोर टांगला, चार लावला आणि कॉलेजला गेले. संध्याकाळी आले तर ते टंबलरमधली कॉफी घेत त्याच्याकडं बघत होते.

"हा कधी जातो?" त्यांनी विचारलं.

"दुसरा लावेपर्यंत नाही जात."

"मी आत झोपून आलो, तरी होता."

आकडा दवाखान्यात परत टांगला आणि त्याच आठवड्यात आम्ही गेलो. नंबर पुन्हा चारच. सिस्टरनं मुद्दाम ठेवला असावा. तीन गेला, चार लागला. आप्पा पेपरात डोकं घालून. माझा हात आपोआप उठला. तो मी पर्सच्या पट्ट्याभोवती गुंडाळला आणि घट्ट धरला. बाकावरचा एकजण पुढं सरकला, त्याला डोळ्यांनीच दटावलं.

आप्पांनी पान संपवलं. मान वर केली. आकडा वाचला, हातातलं टोकन वाचलं, पुन्हा आकडा वाचला. पेपरची घडी घातली, वेष्टी सारखी केली आणि उठले. मीही उठायला लागले.

"तू बस," ते म्हणाले. "माझा नंबर आहे."